अक्कांशी भांडण

नाही अक्का, पाणी नको. पाणी प्यायलं की राग खाली बसतो, आणि मी तो जळगावपासून इथपर्यंत सांभाळून आणलाय—पिशवी मांडीवर, राग पिशवीवर, पारोळ्याला सगळी गाडी रसवंतीवर उतरली, मी जागची हलले नाही. तो तांब्या ठेवा खाली. ठेवा म्हणते ना. मी पाहुणी म्हणून आलेली नाही, भांडायला आलेय. हो, भांडायलाच. असोद्याहून रिक्षा, मग जळगावहून धुळ्याची गाडी, ह्या असल्या उन्हात—बायांना अर्धं तिकीट नसतं तर हे मी फोनवरच उरकलं असतं. पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता. 'हं' म्हटल्यावर भांडण झालं की नाही ते समोरच्याला कळत नाही. म्हणून म्हटलं, समोरासमोर बसून करू. आता तो कुलर कशाला वळवला माझ्याकडे? तुमच्याकडेच असू द्या. कुलरच्या हवेत कोणाला भांडता येतं, घाम लागतो त्याला अंगाला… बरं, आता वळवलाच आहे तर राहू द्या.

आधी सगळं नीट सांगते, म्हणजे मग तुम्हाला चिडायला बरं पडेल. आखाजी आली आठ दिवसांवर, कॅलेंडरातल्या अक्षय्य तृतीयेला मी लाल गोल करून ठेवलाय. आखाजीला घरच्या लेकी माहेरी येणार, त्यांना साडी होणार—हे मी तुम्हाला काय सांगू, तुम्ही त्या घरच्या थोरल्या लेक, मी मागून आलेली. पण यंदा तुरीच्या डब्यात आहेत अडीच हजार. तुमच्या भावाला वाटतं दहा आहेत. त्याला असं का वाटतं ते आत्ता विचारू नका. तर अडीच हजार, आणि माणसं किती? आमची हेमांगी—तिची लग्नानंतरची पहिली आखाजी, तिला हलकी साडी दिली तर शिरपूरला सासरी बठ्ठ्या गल्लीत, घराघरात माझं नाव निघेल. तिच्याबरोबर जावईबापू. भूपेंद्ररावांना शर्टपीस चालत नाही म्हणे, शिंप्याकडे जायला वेळ नसतो, रेडिमेड लागतो, तोही त्या नाक्यावरच्या काचेच्या दुकानातला. मग अमळनेरची लता, तुमची धाकटी. आणि मग तुम्ही. मी चार रात्री हिशोब केला अक्का, पहिल्यांदा तुम्हाला यादीत खाली ठेवलं, मग लताला खाली ठेवलं, एकदा तर भूपेंद्ररावांनाच काढून टाकलं—पण जावयाला काढलं की हेमांगीला दुप्पट भारी साडी द्यावी लागते, ते महाग पडतं.

आता तुम्ही म्हणाल, पैसे नाहीत तर नाहीत म्हणून सांगावं. म्हणत नाही तुम्ही, पण तोंडावर दिसतंय. कोणत्या तोंडाने सांगू? त्या घरात लेकीला साडी झाली नाही असं सासूबाईंच्या काळात कधी झालं नाही, त्या स्वतः ठिगळ लावून नेसत होत्या तरी झालं नाही. ते माझ्या, ह्या द्वारकीच्या काळात झालं, असं व्हायला नको. म्हणून मी विचार केला. भांडण झालं तर कसं होतं—लेक आपणहून म्हणते, जा, नाही येत तुझ्या दारात. तिचीही इज्जत राहते, माझीही राहते, आणि साडी दुकानात राहते. कोणाचं नुकसान आहे का यात? एक वर्ष रुसवा. पुढच्या आखाजीला मी स्वतः येते समजूत काढायला, दोन साड्या घेऊन येते, एक गेल्या वर्षाची. एवढा विचार करून मी घराबाहेर पडले.

आधी परवा अमळनेरला जाऊन आले. लताशी भांडणं सोपं, असं मला वाटलं, ती आधीच तापट. तिथे ते पितळी पातेलं काढलं—आठवतं ना, सासूबाईंचं, लताने बाळंतपणात नेलं ते परत आणलं नाही. म्हटलं, अठरा वर्षं माझ्या हक्काचं पातेलं दाबून बसलीस, लाज वाटत नाही? मस्त पेटली. शेजारपाजारच्या बाया ओट्यावर आल्या. मी मनात म्हटलं, चला, एक साडी वाचली. आणि पिशवी उचलून स्टँडवर आले तर मागून ही लता येतेय, अनवाणी, डोक्यावर पातेलं, रडतेय लहान पोरीसारखी—वहिनी, चुकलं माझं, घे तुझं पातेलं, पण बोलणं टाकू नको गं, आईच्या मागे तूच आहेस. भर स्टँडवर गळ्यात पडली. कंडक्टर म्हणतो, मावशी, पातेल्याचं वेगळं तिकीट लागेल. आता अशा माणसाला साधी साडी देता येते का? जरीकाठाची द्यावी लागेल. म्हणजे भांडून मला उलट चारशे रुपये जास्त पडले, वर पातेलं गळतंय, म्हणून ती ते वापरत नव्हती.

म्हणून राहिलात तुम्ही. नाही, शेवमुरमुरे नको. का नको ते मागून सांगते. हे बघा, मी कागदावर लिहून आणलंय—तुमच्याशी भांडायचे मुद्दे. लग्नाच्या पत्रिकेच्या मागे लिहिलेत, सगळी पाठ मोकळी ठेवली होती, म्हटलं पुष्कळ निघतील. दोन निघाले. एक, तुम्ही एकदा माझ्या भरताला पाणचट म्हणालात. ते होतं पाणचट, वांगी जळगावच्या बाजारातली उतरलेली होती, ते मी तुमच्या भावालाही सांगितलंय. दोन, हेमांगीच्या लग्नात तुम्ही पाच दिवस राबलात आणि कोणाला काही बोलला नाहीत—याचा मला राग आलाय असं लिहिलंय, पण तो कसा काढायचा ते लिहिलेलं नाही. तुमच्यात काही सापडतच नाही हो. तीस वर्षांत मागितलं काय तुम्ही आमच्याकडे? साडी देते मी ती पण तुम्ही पाहत नाही, तशीच पिशवीत ठेवता. आखाजीला पितरांची घागर भरतो आपण, तेव्हा तेवढं एक वाक्य बोलता—आई माझ्या साडीत गेली, तेवढं समाधान आहे. लॉकडाऊनमध्ये सासूबाई गेल्या आणि तुम्हाला धुळ्याहून यायचा पास मिळाला नाही, तुम्ही फोनवर हुंदके देत होतात, मी सांगितलं, अक्का, रडू नका, तुमच्या अंगणवाडीच्या पहिल्या पगाराची ती अंजिरी साडी नेसवूनच पाठवलं त्यांना. तेव्हापासून दर आखाजीला घागर भरली की तुम्ही ते वाक्य म्हणता, डोळे पुसता, आणि उठून सगळ्यांना आमरस वाढता. अशा बाईशी भांडायचं तरी कशावरून, तुम्हीच सांगा.

मग तुम्ही तरी माझं काहीतरी काढा ना. काढा, मी चिडते, माझी तयारी आहे. माझ्यात काय दोष कमी आहेत? एखादा जुना काढा. तुम्ही एक बोललात की मी दोन बोलेन, मग तुम्ही म्हणा, नाही येत मी आखाजीला, मी म्हणेन, नका येऊ, की झालं, चारची गाडी मला मिळते. बसल्या बसल्या हसताय काय? माझी गाडी जाईल. बरं, केळं द्या. केळं चालतं. केळं का चालतं आणि शेवमुरमुरे का नाही, तेच तर सांगायचं होतं—दार लोटून घ्या जरा.

हे बघा. वरचे सगळे दात. हात लावू नका, बघा नुसते. साडेसात हजार. तुरीच्या डब्यातले गेले ते इथे गेले, माझ्या तोंडात. तुमच्या भावाला सांगितलंय शिबिरात फुकट बसवून मिळाले. त्याला एवढंच वाटतं की माझा चेहरा भरलाय, परवा म्हणत होता, लेकीचं लग्न झालं, तुझ्या जिवाला स्वस्थता आली. स्वस्थता कसली, हिरड्या ठणकतात. पण काय करू अक्का, लग्नाचा व्हिडिओ आला, साडेतीन तासांचा, आणि साडेतीन तास मी तोंडावर पदर धरून. कन्यादानातही पदर. हेमांगी म्हणाली, आई, माझ्या लग्नात तू एकदाही हसली नाहीस का गं? मी हसत होते हो, सगळा वेळ हसत होते, पदराच्या आत. म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन माप देऊन आले. आता हे घातले की 'साडी' म्हणताना शिट्टी वाजते, दुकानात गेले तर तो मुलगा म्हणतो, काकू, काय दाखवू, आणि मी शिट्टी मारते. थांबा, काढूनच ठेवते, एखादी वाटी द्या. हां, ह्या वाटीत. त्यावर झाकण नको, गुदमरल्यासारखे दिसतात.

हसा, हसा. किती वर्षांनी असं मोकळं हसताना बघतेय तुम्हाला, डोळ्यांतून पाणी काढलंत. मलाही बाई आता हलकं वाटतंय, हे अजून कोणाला सांगितलं नव्हतं. जाऊ द्या ते भांडण. द्या ते पाणी. अगं माय, गार आहे, वाळा टाकलाय का माठात? तर असं करू—तुम्ही या आखाजीला. ते काही नाही, यायचं. अक्का आल्या नाहीत तर आमरसाला हात कोण लावणार? साडीचं मी बघते. भूपेंद्ररावांना शर्टाऐवजी हातरुमालावर भागवते, नाहीतर आणखी काही सुचेल. मला सुचतं. मी कधी अडलेय का? हेमांगीच्या लग्नात काय झालं तुम्हाला माहीतच नाही, तुम्ही मागे बट्ट्या तळणाऱ्या बायांपाशी होतात. विहीणबाई रुसल्या. मानाची साडी हलकी म्हणून भिंतीकडे तोंड करून बसल्या, त्या जेवेनात म्हणून बठ्ठं वऱ्हाड जेवेना, वरण निवत चाललेलं. पैसे संपलेले, दुकानं बंद. दुसरी असती तर रडत बसली असती. मी कोणाला काही बोलले नाही, मागच्या दाराने घरी गेले, कपाट उघडलं, खालच्या कप्प्यात सासूबाईंची ती अंजिरी होती डांबराच्या गोळ्यांत, एकदाच नेसलेली, काठ अगदी नवा—दुकानाच्या पिशवीत घातली आणि नेऊन ठेवली विहीणबाईंच्या मांडीवर. असा चेहरा फुलला म्हणता त्यांचा, तीन बट्ट्या खाल्ल्या, अजून शिरपूरला सांगत असतात, असोद्याच्या माणसांनी मान राखावा तर—

कुलर का बंद केला?

लाइट गेली का? नाही, बल्ब तर चालू आहे. अक्का?

अक्का, ऐका. घाई होती हो. वीस माणसांची परवानगी, ती पण दोन तासांत उरका म्हणाले. कपाटाची किल्ली तुमच्या भावाच्या खिशात, आणि तो गेलेला लाकडं बघायला. दोरीवर त्यांची हिरवी वाळत होती, ती नेसवली. स्वच्छ होती अक्का, मी सकाळीच धुतली होती, माझ्या हाताने. आणि तुम्ही फोनवर अशा रडत होतात, मला काहीतरी सांगायला नको होतं का? तेव्हा सांगून टाकलं. मग दरवर्षी तुम्हीच ते म्हणत राहिलात, घागरीपाशी, सगळ्यांच्या देखत, तर मी ते मोडायचं कधी? कोणत्या वर्षी मोडायचं? मी परत आणते ती. उद्याच शिरपूरला जाते. विहीणबाईंशी मला भांडता येतं, त्यांच्याशी अगदी चांगलं भांडता येतं, ओढून आणते अंगावरची.

ओरडा माझ्यावर. ते भरीत काढा, काहीही काढा. असं नुसतं भिंतीकडे बघू नका.

वाटी कशाला पुढे केलीत? हां. घालते. घातले.

पिशवीपण दारात नेऊन ठेवलीत. चारची गाडी मिळेल अजून, असं ना? नाही, तुम्ही काही म्हणाला नाहीत, मीच म्हणतेय. मी भांडायलाच आले होते अक्का, पण हे भांडण मी आणलं नव्हतं हो. हे माझ्या पिशवीत नव्हतं. निघते. मी गेले की कुलर तेवढा लावा, घर तापतंय. आणि आखाजीला तुमचा पाट मी मांडून ठेवते, या नका येऊ, मी मांडते—साडीचं आपण…

बरं. नाही बोलत.