मधली जागा

वैजापूरच्या गाडीची वाट बघत शालू स्टँडवरच्या बाकावर बसली होती. दुसऱ्या टोकाला एक वयस्कर माणूस बसला होता. मध्ये शालूची पिशवी होती आणि त्या माणसासमोर त्याची सून उभी होती.

"मॅनेजरच्या जागेला तुझं नाव निघालंय, अन् तू नाय म्हणतीस?"

"मामा, तुम्ही तिथंच सुपरवायझर. मी खुर्चीत बसायचं अन् तुम्ही समोर उभं राहायचं?"

"व्हय."

"घरात कधी तुमच्यासमोर बसले नाय मी."

"सायबाला कधी कळवायचंय?"

"आजच. दोनदा फोन येऊन गेला."

"मग आत्ता बस इथं."

"लोकं बघतेत."

"तिथं बी बघतीलच."

शालूनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. सून कडेला जेमतेम टेकली.

"अशी नाय. नीट बस."