ढिली कमान

तेजीच्या साली अकोल्याच्या कापूसबाजारात गाड्यांची रांग हलता हलेना. पुढच्या गाडीजवळ दोन म्हातारे मिटत्या चाकूंवर बोलत होते, अन् मागच्या गाडीवरच्या खुशालरावाचे कान तिकडेच लागले होते.

"माहा विलायती आहे. आयक, कसा खट्‌कन वाजते. तुहा कुठं आहे?"

"गाडीत, बायकोजवळ."

"त्याची कमान त ढिली झाली. बदलून घे."

"झाली नाई, मीच लोहाराकडून करून घेतली."

"काहून?"

"तिच्या बोटाईत वात भरला. जांब कापाले रोज मले हाक मारे, चाकू उघडून द्या मने."

"आता नाई मारत?"

"मारते ना."

तेवढ्यात गाडीतून आवाज आला, "अवो, फोड घ्या."

पहिल्या म्हाताऱ्यानं आपला विलायती चाकू हळूच मिटला अन् विचारलं,

"तो लोहार कुठं बसते गा?"