कासीमभाई नालबंद आन माझ्या विहिरीचं पाणी

मंडळी, बसून घ्या. बाया आल्यात, वाडीवरची माणसंबी आल्यात. मला चारचौघांत बोलायची सवय न्हाई. पर कासीमभाईवर मी बोललो न्हाई, तर दुसऱ्या कुणी बोलून भागणार न्हाई.

केजपासून नांदूरघाटापर्यंत बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारा आपला नालबंद काल गेला. त्याच्या हाताखाली बैल कधी बिथरला न्हाई.

माझी विहीर तुमाला ठावी हाय. खडक फोडून लई खोल नेलती. दुष्काळात बाकीच्या आटल्या, माझी न्हाई. अर्धा गाव तिथं जनावरं पाजायचा. मला लई गर्व होता.

मग काही वर्षांत बैल लंगडायला लागले. पायांच्या हाडांवर गाठी आल्या. कडबा तोंडात घ्यायचे आन चावता येईना म्हणून तसाच टाकायचे. तवा ह्याच चावडीम्होरं मी बोट दावलं. म्हणलं, "कासीम, तुझ्या खिळ्यांनी बैल नासले!"

तुमी ऐकलं. तुमी माना डोलावल्या.

त्यो एवढंच म्हणला, "रंगनाथराव, गाईला कुणी पत्री मारतं का? मग तुमची गाय कावून लंगडती?"

जवाब नसला की माणूस काय करतो? आवाज चढवतो. मी चढवला. त्या दिसापासनं गावानं त्याच्याकडं बैल न्यायचं बंद केलं.

दुसरा असता तर गेवराईकडं निघून गेला असता. ह्यो गेला न्हाई. त्याच्याकडं दोन वासरं होती, एकाच महिन्यात जन्मलेली. एकाला नदीच्या डोहावर पाजलं, दुसऱ्याला माझ्या विहिरीवर. रोज. मी हसायचो. वासरांचे दुधाचे दात पडून नवे आले, तवा त्यानं दोघांना हितं आणलं आन ओठ उचलून दावले. एकाचे दात पांढरेशुभ्र. दुसऱ्याचे तपकिरी, खड्डे पडलेले. ते वासरू गुडघे टेकून बसलं ते उठंना.

मी म्हणलं, "पाण्यात काय हाय?"

"मला ठावं न्हाई. पर पाण्यातच हाय." एवढं बोलून त्यो त्या वासराच्या गळ्यात पडून रडला. मंडळी, तुमची-माझी जनावरं वाचावी म्हणून त्यानं सोताचं वासरू घालवलं.

मी मोट उतरवली. विहिरीवर काटे टाकले. त्यानंतरच्या वासरांचे दात तुमी बघताच हाव.

मग मी त्याच्या घरी गेलतो. एकटाच. दारातच हात जोडले. त्यो म्हणला, "बैठो, पानी पियो. नद्दी का है."

काल कबरीवर मूठमाती द्यायची होती. मीबी वर्षानुवर्षं माझ्या विहिरीचंच पाणी प्यालो, माझी कंबर वाकत न्हाई. त्याच्या भावानं माती उचलून माझ्या हातात दिली.

एक गोष्ट राहिली. आळ मी चावडीम्होरं घेतला, माफी मात्र त्याच्या दारात, कुणी बघत नसताना मागितली. म्हणून आज हितं सांगतो. कासीमभाईच्या खिळ्यानं एकबी बैल लंगडा झाला न्हाई. एकबी न्हाई.

आता सगळे उभे ऱ्हावा. फेटे-टोप्या नीट करा.

कासीमभाई, सलाम.