सोवळ्यातला फोन

शरदिनी: लांब हो, लांब! तुझा दुपट्टा लागेल पाटाला. एकदा शिवलीस की मला परत नहायला लागेल, आणि श्राद्धाचे यजमान तर दुपारी पानावर बसणार.

मधुरा: आई, मी उंबऱ्याच्या बाहेरच आहे गं. फोन फळीवर नीट उभा आहे ना, एवढंच बघतेय. तू आंघोळीला गेलीस तेव्हा ठेवून आले होते.

शरदिनी: आहे उभा. खिडकी बंद केलीस ना? काल माकडानं भाजीचे परवल उचलून नेले. फोन नेला तर तुझं ॲप झाडावर बसून वाजेल.

मधुरा: केली बंद. आता तू फक्त बोलायचं. हात लावायचा नाही.

शरदिनी: सोवळ्यात कशाला हात लावेन? बोलणं तेवढं शिवत नाही. पण हे लॅपटॉपमधले गृहस्थ कोण?

मधुरा: सुशांत. पुण्याला आमचा टीम लीड. आज आपलं ॲप बघणार म्हणून सांगितलं होतं ना?

सुशांत: नमस्कार काकू. ऐकू येतंय ना?

शरदिनी: नमस्कार. आपले स्वागत असो.

मधुरा: आई, हे काय?

शरदिनी: काय म्हणजे? पुण्याचे आहेत ते.

सुशांत: मधुरा, वेळ कमी आहे. दुपारी बिल्ड लॉक होतंय, त्यानंतर कशालाच हात लावता येणार नाही. वरच्यांचं म्हणणं तुला माहितीये. सध्या सगळ्यांचा कल स्क्रीन मोकळा ठेवण्याकडे आहे. बटणं नकोत, बोट सरकवलं की काम. ते डिझाइन एआयनं अर्ध्या दिवसात करून दिलं. तुझं मराठी आवाजाचं काम मात्र संपता संपत नाहीये.

मधुरा: बोट सरकवायला बोट लागतं ना! आई श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात करते. तोवर ती फोनला शिवत नाही.

सुशांत: म्हणजे अगदीच नाही? काठीबिठीनं वगैरे?

शरदिनी: सांडशीनं करून बघितलं. लाटण्यानं पण. फोन बिलकुल मानत नाही. म्हणजे… प्रतिसाद देत नाही.

सुशांत: काकू, मी तुमच्या सोवळ्याला हसत नाहीये हं. पण सोवळं किती घरांत पाळतात आता?

मधुरा: सोवळं सोड. पिठाचे हात किती घरांत असतात? काशीच्या या घाटाच्या गल्लीत माझ्या आईसारख्या किती जणी यजमानांचा स्वयंपाक करतात, ते येऊन बघ एकदा. सगळ्यांचे हात कामात असतात.

सुशांत: बरं, दाखव. चाललं तर पुढे बोलू.

मधुरा: मी माझ्या फोनवरून आईला लावते. ॲपचं नाव हाक. आई, ते सांगेल कोणाचा फोन आहे, मग तू सांग काय करायचं.

हाक: मधुराचा फोन आला आहे.

शरदिनी: हां, उठव.

हाक: समजलं नाही. पुन्हा सांगा.

शरदिनी: फोन उठव. उठव ना गं! माझी खीर लागतेय खाली.

हाक: खिरीची कृती शोधू का?

शरदिनी: खीर मला येते! खामखा बडबड नको करूस, फोन उठव.

हाक: समजलं नाही. पुन्हा सांगा.

सुशांत: मधुरा…

मधुरा: थांब, थांब. माझ्या आवाजात रोज चालतं हे. आई, हाकला शिकवताना तू हेच बोलली होतीस ना?

शरदिनी: वड्यांचं तेल तापलंय.

मधुरा: गॅस धीमा कर आणि सांग.

शरदिनी: हे नव्हते बोलले.

मधुरा: मग काय बोललीस?

शरदिनी: कृपया दूरध्वनी स्वीकारावा.

मधुरा: काय?

शरदिनी: आणि ठेवायचा असेल तेव्हा, संभाषण समाप्त करावे. अगं, पुण्याचे लोक ऐकणार, तर जरा ढंगाचं बोलायला नको?

मधुरा: पुण्याचं कुणी ऐकणार नाही म्हणून किती वेळा सांगितलं होतं मी! आवाज फोनच्या बाहेर जातच नाही. तो फोनमधल्या फोनमध्ये शिकतो. मलासुद्धा ऐकता येत नाही, म्हणून तर मला पत्ता लागला नाही.

शरदिनी: तू सांगितलंस, पण मला नाही खरं वाटलं. हल्ली कुठलं बोलणं घरात राहतं?

सुशांत: एक मिनिट. आमच्याकडे आवाज नाही, पण चुकांचा आकडा येतो; गल्लीतल्या बाकीच्या बायकांच्या फोनवरही सारखं 'समजलं नाही'च येतंय. त्यांनी पण असंच केलं असेल का?

मधुरा: आई?

शरदिनी: मीच सांगितलं सगळ्यांना. निवेदिताला, वैदेहीला, कोपऱ्यावरच्या मुक्तावहिनीला. म्हटलं, शुद्ध बोला, काशीकरांचं नाक कापू नका. वैदेहीनं तर शाळेत पाठ केलेल्यासारखं उभं राहून म्हटलं.

मधुरा: हे भगवान! आई, तू काय करून बसलीस! मी रात्रंदिवस डोकं फोडत होते की चूक कुठे आहे.

शरदिनी: ओरडू नकोस. तुझ्या मामेबहिणीच्या शादीत पुण्याला गेले होते मी. चांगली मराठीत बोलत होते सगळ्यांशी. जेवताना शेजारची बाई म्हणते, तुम्ही हिंदी किती गोड बोलता हो. मला इतकी लाज वाटली. घरात जन्मभर मराठी टिकवली आम्ही, पिढ्यान्‌पिढ्या, आणि ती मराठीच नाही म्हणे. मग यंत्रासमोर तीच बोलू?

सुशांत: काकू, सॉरी. म्हणजे त्या बाईंच्या वतीनं.

शरदिनी: तुम्ही कशाला माफी मागता? आपण चांगले आहात.

सुशांत: मधुरा, निदान कारण तरी कळलं. पण दुपारच्या आत हे होणार नाही. आत्ता स्वाइपच ठेवू. आवाजाचं पुढच्या वर्षी बघू.

मधुरा: पुढच्या वर्षी कुणी बघत नसतं. एकदा काढलं की ते गेलं. मी नाही सोडणार.

सुशांत: हट्ट करू नकोस.

मधुरा: करणार. हे मी का सुरू केलं, ते तू कधी विचारलं नाहीस.

शरदिनी: मधुरा, नको.

मधुरा: सांगू दे मला. सुशांत, बकुळमावशी आईची धाकटी बहीण. नागपूरला असायची. गेल्या पितृपक्षात सकाळी तिचा फोन आला. आई अशीच सोवळ्यात होती, कुणा परक्याच्या वडिलांचं श्राद्ध होतं. मी गच्चीवर, तुमच्याच मीटिंगमध्ये. फोन वाजत राहिला, मावशीचं नाव समोर दिसत राहिलं, आणि आई पळी हातात धरून उभी. संध्याकाळी मावशी गेली.

शरदिनी: मला वाटलं, खीर उतरवते, पानं वाढते, सोवळं सोडते, मग निवांत बोलते. रोजच तर बोलायचो आम्ही. ज्यांच्या घरचं श्राद्ध, ते इतक्या लांबून आलेले; त्यांचे पितर उपाशी राहू नयेत असं वाटलं. मला काय माहीत? तिला काय सांगायचं होतं ते आता कधी कळायचं नाही. रोज मनात येतं ते. चूल पेटवली की येतं.

सुशांत: मला हे माहीत नव्हतं.

मधुरा: मलाही सांगायचं नव्हतं. कामाच्या जोरावर पास व्हायचं होतं मला, मावशीच्या नावावर नाही. तू आत्ताही मला त्याचे मार्क देऊ नकोस. फक्त चाललं तर ठेव, नाही चाललं तर काढ.

सुशांत: आत्ता लगेच शिकवता येईल?

मधुरा: एक-दोनदा नीट बोलली की पुरे. नवीन फोन आहेत हे, जागच्या जागी शिकतात. आणि बाकीच्या बायकांकडे मी उद्यापासून घरोघर जाते. बालाजी घाटापासून सुरुवात करीन. प्रत्येकीला सांगेन, भांडताना जसं बोलता तसं बोला.

सुशांत: बरं. एकदा डोळ्यांसमोर चाललेलं दाखव. मग वरच्यांशी भांडायचं माझ्याकडे लागलं. पण नाही चाललं तर स्वाइप, आणि मग तू वाद घालायचा नाहीस.

मधुरा: कबूल. आई, वडे बाजूला ठेव.

शरदिनी: वडे तळून झाले केव्हाच. तुमचं भांडण ऐकताना हात काय रिकामे ठेवते मी?

मधुरा: मग म्हण, हाक, नवीन शिक.

शरदिनी: हाक, नवीन शिक.

हाक: शिकते. बोला.

शरदिनी: हे अजून ऐकतायत का?

सुशांत: मी माझ्याकडचा आवाज बंद करतो काकू.

शरदिनी: नको. ऐका. आता ऐकाच तुम्ही, आणि त्या शादीतल्या बाई भेटल्या तर त्यांना पण सांगा. फोन उठव गं. बघ जरा कोणाचा आहे, आणि उठव. कितनी देर लावतेस? उठव ना!

हाक: शिकले.

मधुरा: मस्त. अजून एकदा.

शरदिनी: अजून काय बोलू?

मधुरा: त्या दिवशी बोलली असतीस, तसं.

(शरदिनी पळी खाली ठेवते.)

शरदिनी: जल्दी उठव गं. माझी बकुळ आहे. मी हात नाही लावू शकत. तू उठव, तिला रुकायला सांग, कुठे जाऊ नको म्हणावं, मी इथेच आहे.

हाक: शिकले.

सुशांत: मधुरा, लाव फोन.

मधुरा: लावते. एक सेकंद. मला दिसत नाहीये नीट.

शरदिनी: डोळे पूस आधी. माझ्याकडे बघू नकोस, मला तुला शिवता यायचं नाही. लाव.

हाक: मधुराचा फोन आला आहे.

शरदिनी: उठव गं. जल्दी उठव.

हाक: उठवला. बोला.

सुशांत: चाललं! मधुरा, चाललं! मी बिल्ड थांबवायला सांगतो. तिकडेच थांबा, आलोच.

शरदिनी: गेले का ते? मधुरा? फोन कानाला लावून गप्प काय बसलीस उंबऱ्यात? बोल ना गं बाळा. उठवलाय मी.