राजीखुशीचं बटण

थांबा ताई, पुढं नका टाइप करू – आत्ता कुठलं बटण दाबलं तुम्ही? वरच्या रांगेतलं, लाल नखपॉलिशचा ठिपका लावलेलं – हां, तेच. मी मगापासून बघतोय. आमची नावं, वारज्याच्या जमिनीचा गट नंबर, सगळं एकेक अक्षर मारून घेतलंत, अन् या चार ओळी एका टिचकीत आल्या? वाचा बरं, चष्म्यातूनबी नीट दिसत नाय. 'सदर जमिनीतील माझा हिस्सा मी कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने माझ्या भावाच्या नावे सोडत आहे.' असं. अन् हे कोणी सांगितलं तुम्हाला? माझी बहीण बायडा तर अजून बाहेर बाकावर बसलीय, तिनं तोंडसुद्धा उघडलं नाय. काल माझा मुलगा येऊन गेला ना, विक्रम – त्यानं भरून ठेवलं का हे बटणात? खरं सांगा, मी रागवणार नाय. मला मशिनीतलं कळत नाय, पण पोरगा कळतो. हल्ली आत्याला फार गोड बोलतो – नवी साडी काय, गाडीतून आणणं काय. घरात कधी कुणाला पाण्याचा पेला दिला नाय त्यानं.

काय म्हणता, तुम्हीच भरलंय? सगळ्यांसाठी हेच? दाबा बरं दुसऱ्या कोऱ्या पानावर... आलं की. अक्षर न् अक्षर तेच. म्हंजे इथं येणाऱ्या सगळ्या बहिणी राजीखुशीनंच सोडतात? एकीलाबी विचारावं लागत नाय? – नाय ताई, तुम्हाला नाय बोलत. रोज तेच लिहायचं तर कोण बोटं झिजवणार. आमच्यातबी विचारायची रीत नाय. बहीण सोडते, साडीचोळी घेते, माहेर राहतं. नाय सोडलं तर... असू द्या. मीबी नाय विचारलं. बिल्डरला सह्या हव्या होत्या, विक्रम म्हणला, आप्पा, आत्याचं मी बघतो – मी बरं म्हणलो. म्हणलं तिची मुलं कमावती हायत, तिला कशाला लागतीय जमीन. म्हंजे तिनं तसं सांगितलं नव्हतं. मीच धरून चाललो.

बोलवा तिला. ये बायडे, बस. अगं, अंगठा कुठं करायचा ते मग बघू. आधी सांग, तुला द्यायचाय का हिस्सा? तू सांगशील तसं ताई लिहितील. – मोठ्यानं बोल जरा. – विक्रम म्हणला? अंगठा नाय केलास तर भाऊबीजेला दार उघडणार नाय, असं? कधी म्हणला? आज, गाडीत? छे, मी पुढंच बसलो होतो, मला नाय आलं ऐकू.

...

आलं होतं, बायडे. काच खाली करून मी रस्ता बघत बसलो.

पुसा ताई ते. सगळंच पुसा. तुमची मजुरी विक्रम देईल. – अन् विक्रम, दारात उभा राहू नको. तू गाडी घेऊन जा. आम्ही दोघं रिक्षानं येतो.