ट्रॅक्टरले चार कड्या

...अन् वरून मलेच म्हणते, 'काका, तुम्ही जरा तिकडं निंबाखाली बसा, मले काम करू द्या!' मले! अहो, ट्रॅक्टर कोणाचा? माहा! ट्रॉलीवर बांधून आणला कोणं? म्या! अन् हा धम्मरत्न, आमच्या अमडापूरचा वेल्डिंगवाला, मलेच निंबाखाली बसवते! तुम्हाले सांगतो, चाळीस वर्सं बैलं वागवले म्या, चाळीस वर्सं! टेम्पोत घालून पार मलकापूरच्या बाजारापर्यंत नेले-आणले, एकाच्या खुराले खरचटलं नाही. अन् मले कोणी बांधणं शिकवावं?

आता तुम्ही म्हणसान, उकंडराव, ट्रॅक्टरले कड्या कायले? भिंतीले टांगाचा हाये का? ऐका तं खरं, मधात बोलू नका, मी कुठं होतो ते इसरतो मंग.

मंगळवारी फोन आला पोरीचा, पुष्पांजलीचा. तिले दिली तिकडं बीबी गावाले. 'बाबा, तण सोयाबीनच्या डोक्यावर गेलं, निंदाले बाया भेटत नाही, वाफसा हाये तो दोन दिवसाचा, मंग पुन्हा पाणी सांगून राह्यले. ट्रॅक्टर आणा!' आवाज असा रडकुंडीले आलेला! दोन दिवसात डवरणी नाही झाली, ओळीच्या मधातलं तण नाही निघालं, तं सोयाबीन दाबलं जाते, मंग उरलं काय, तण सोंगाचं? पण माहा ट्रॅक्टर म्हणजे एवढूसा. पिकाच्या दोन ओळींच्या मधातून जाते, डवरणीले एक नंबर, पण सडकेवर... सायकलवाला मागून येते, 'रामराम उकंडराव' म्हणते अन् पुढं निघून जाते! तो बीबीले आपल्या चाकावर गेला असता तं पीक कापाले, सोंगणीलेच पोचला असता.

म्हणून शेजारच्या किसनरावले गाठलं. त्याच्या मोठ्या ट्रॅक्टरची ट्रॉली बांधाले टेकवली, माहा ट्रॅक्टर वर चढवला, अन् बांधला. कोणं? म्याच! चाळीस वर्सं बैलं वागवले, मी का दुसऱ्याले बांधू देतो? समोरून एक दोर, तोही सैल.

किसनराव म्हणे, 'उकंडराव, मागूनही बांधा न.'

'अबे, मागून बांधलं तं पाय मोडून घेते! जनावराले पाय हालवाले जागा लागते!'

'जनावर कुठं हाये पण यात?'

'तू हाक! मले शिकवू नको!'

निघालो. मी ट्रॉलीत, ट्रॅक्टरच्या बाजूले उभा, त्याच्या बोनटावर हात ठेवून. काऊन म्हणजे? सवय हो! बैल नेताना पाठीवर हात पाह्यजेच, तो घाबरत नाही. गावाच्या भाईर निघालो नाही तं आला गतिरोधक. ट्रॉलीची चाकं चढली... माहा ट्रॅक्टर मागं गेला. चाकं उतरली... आला सुसाट पुढं! अन् मी काय केलं असन? उडी मारली? नाही! 'होSS होSS, उभा राह्य बे, उभा राह्य!' त्याले! लोखंडाले! तुम्हीच सांगा, ऐकन का तो? ठाण्णकन जाऊन फळीवर आपटला, समोरचा एक दिवा फुटला, अन् मी बसकन मारली ट्रॉलीत. किसनराव उतरून आला, मले वाटलं इचारन, लागलं का? म्हणे, 'उकंडराव, गूळ-बिऊळ चारला असता तं थांबला असता.' लेकाचा!

तिथूनच मागं वळलो, सरळ गावात धम्मरत्नाकडं. अर्धा दिवस तं गेलाच होता वाफश्याचा. म्हणलं, 'धम्मरत्न, लवकर एक कडी लाव समोर, मार डाग, कुठंही मार.' त्यानं आधी सगळा ट्रॅक्टर पाह्यला. वाकून, खाली झोपून, बोटानं वाजवून. डॉक्टर झाला जसा काही! म्हणे, 'काका, एका कडीनं भागत नाही. चार लागतात. दोन समोर, दोन मागं.'

'मंग मार न चार डाग!'

'हे बीड हाये काका, ओतीव लोखंड, डाग मारला तं तडकन. मडगार्डले लावली तं पत्राच घेऊन उखडन. जाड पट्ट्या कापतो, त्याईले कड्या जोडतो, अन् हे कंपनीचे भोकं हायेत न, त्यात बोल्टनं कसतो.'

'चाळीस वर्सं बैलं...'

'काका, बैलाले कंपनीनं भोकं देल्ले होते का?'

नाकाले भोक पाडतो आपण, ते सांगाच्या आधीच त्यानं मशीन सुरू केली. अन् तिथंच म्हणाला ते निंबाखाली बसाचं!

बसलो. तेवढ्यात आमची घरवाली वच्छलाबाई हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन हजर. चारी कड्याईले हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले, अन् माह्याकडं वळून, चारचौघात बरं का, म्हणते, 'मले जन्मात एक बुगडी नाही केली, अन् याले एका दिवसात चार कड्या!' किसनराव हासला, धम्मरत्न हासला, मी निंबाचा पाला मोजत बसलो.

मंग बांधला त्यानं. साखळ्या तिरप्या टाकून, चारी कोपऱ्याईले, अशा कसल्या अशा कसल्या की टायर दबले. म्हणलं, 'अबे, इतका कसू नको, गुदमरन!' पण ऐकते कोण.

अन् तुम्हाले सांगतो, खरं सांगतो, खोटं कायले बोलू... तोच गतिरोधक आला, मी किसनरावच्या बाजूले त्याच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो होतो, मान मागं. ट्रॉली उडाली, मी उडालो, किसनरावची टोपी उडाली, माहा ट्रॅक्टर? ढिम्म! बीबीपर्यंत मान मागंच ठेवली म्या, तिथं उतरलो तं समोर पाहाताच येईना. पोरगी धावत आली, म्हणे, 'बाबा, रुसले का?' अन् साखळ्या सोडल्या की चढली स्वतःच सीटवर, पदर खोचून! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात एकर डवरून टाकलं तिनं. चार वाजता पाणी आलं. डवरणी झाल्यावर आलं, समजलं? जितलो न भाऊ आपण! चाळीस वर्सं बैलं... बरं, जाऊ द्या.

पण मंग आली तिची सासू, सत्यभामाबाई. माही इहीण. हातात चहा, तोंडावर गोड हासू. 'इवाई, कड्या बाकी भारी लावल्या हो! इतकी वर्सं ट्रॅक्टर मागितला की तुम्ही म्हणत होते, नेताना पडन, मोडन, कसा पाठवू... आता तं ते काही राह्यलं नाही. आमच्या जयमालाच्या वावरातही तण झालं हो लई.' जयमाला म्हणजे पुष्पांजलीची नणंद. आता लेकीच्या सासूले नाही म्हणता येते का? तुम्हाले येते? मले नाही आलं! 'न्या' म्हणलं. जयमालाकडून तो तिच्या जावेकडं गेला. जावेकडून तिच्या भावाकडं. आज बारावा दिवस. रोज फोन करतो, रोज नव्या गावाचं नाव, अन् रोज एकच गोष्ट सांगतात, 'काळजी करू नका बाबा, चारी कड्याईले पक्का बांधून नेला.'

अन् इकडं वच्छलाबाईनं हे खुरपं देल्लं हाती, म्हणे, 'चला, आपलंही सोयाबीन हाये.'

...थोडं सरकता का भाऊ? तुम्ही बसले न, त्या ओळीतलं राह्यलं निंदाचं.