स्टॅन्लीनं न पाहिलेला माळ

यॉर्कशरमधल्या त्या जुन्या गावात, बसथांब्यावर मॉरीनच्या शेजारी एक म्हातारा नि एक म्हातारी येऊन टेकली.

“विनी, वाफेच्या गाडीत बसू या?”

“स्टॅन्ली होता तेव्हा दर उन्हाळ्यात बसायचो आम्ही.”

“बरं, जुनं चर्च पाहू.”

“आमचं लग्नच तिथं लागलं, क्लिफर्ड.”

“मग धबधबा?”

“तिथं तर तो चहाच्या थर्मासासकट पाण्यात पडला होता!”

“तुझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलंय की नाही?”

म्हातारी खुदकन हसली, मग तिनं गावामागच्या डोंगराकडे बोट केलं.

“वरचा माळ. फुलांनी जांभळा होतो, तो मी कायम खालूनच पाहिलाय. स्टॅन्लीला वारा सोसायचा नाही.”

“माझे गुडघे कुरकुरतील हं.”

“कुरकुरू देत. मला कुठं पळायचंय?”

बस आली. मॉरीन एकटीच तिच्यात चढली; ती दोघं माळाच्या वाटेला लागली होती.